लिहिलेला, पण न वाचलेला आकडा

मे महिन्यातली दुपार. गोव्यात, डिचोलीतल्या माझ्या दवाखान्यात शेवटचे दोन-तीन पेशंट उरले होते. दहा वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आत आला. शर्टावर रक्ताचे सुकलेले डाग, नाकात कापसाचा बोळा. घोळणा फुटला होता आणि त्या महिन्यातली ही तिसरी खेप. घरी करायचे ते सगळे करून झाले होते: डोक्यावर थंड पाणी, नाकाशी फोडलेला कांदा, दूर्वांचा रस. कोकमाचे सरबत तर सकाळ-संध्याकाळ चालूच होते. "उन्हात फुटबॉल खेळतो, दोतोर. सांगून ऐकत नाही," आई म्हणाली.

बोळा काढून नाकात बॅटरी मारली. पडद्याच्या पुढच्या भागात, जिथून मुलांचे नाक नेहमी वाहते, तिथेच खपली धरली होती. नखे कापायला सांगितली, मलम लिहून दिले आणि पुढच्या पेशंटला हाक मारणार, तेवढ्यात मागून आवाज आला. "सर, बीपी घेऊ?"

ती शिकाऊ नर्स. माझ्याकडे येऊन तिला चार दिवस झाले होते. रक्त गेले की नाडी आणि बीपी लिहायचे, असे तिला कॉलेजात शिकवले होते. माझ्याकडे तशी पद्धत नव्हती. मुलांचे वजन, उंची, ताप एवढेच आम्ही लिहायचो. मी "घे" म्हटले ते तिचे मन मोडू नये म्हणून. हे आधीच सांगतो, कारण पुढचे वाचून कुणाला वाटेल की डॉक्टरने मोठी हुशारी केली.

तिने मोठ्या माणसांचा कफ गुंडाळला. लहान कफ खणात होता, पण त्याचे वेल्क्रो गेलेले. मशीनवर १३८/८६ आले. माझ्या तोंडून सवयीने निघाले, "कफ चुकीचा आहे, म्हणून जास्त दाखवतोय." बोलून झाल्यावर माझे मलाच खटकले. दंडाला कफ लहान पडला तर आकडा खोटा वाढतो. इथे कफ मोठा होता, आणि मोठ्या कफने आकडा खोटा कमी येतो. म्हणजे खरा बीपी याहून वरच असणार.

टेपने दंड मोजला, १९ सेंटिमीटर. कफच्या आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान ४० टक्के हवी आणि लांबीने दंडाचा ८० ते १०० टक्के घेर झाकला जायला हवा. म्हणजे याला साधारण ८ सेंटिमीटर रुंदीची पिशवी. खणातला लहान कफ काढला, वेल्क्रोवर चिकटपट्टी लावली. मुलाला पाठ टेकून बसवले, पाय जमिनीवर, हात टेबलावर, पाच मिनिटे गप्पा नाहीत. मग उजव्या हातावर स्टेथोस्कोप लावून स्वतः घेतला. १५८/९६. पुन्हा घेतला. १५६/९६.

(मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ही हकिकत लिहायला आई-वडिलांची संमती आहे.)

जांघेतला ठोका

दहा वर्षांच्या मुलाचा बीपी इतका वाढलेला दिसला की त्याला कारण असणारच, असे धरून चालायचे. मोठ्यांमध्ये बहुतेकांचा रक्तदाब 'असाच' वाढलेला असतो, एक ठळक कारण सापडत नाही. मुलांमध्ये मूल जितके लहान आणि आकडा जितका मोठा, तितकी मागे दुसरा आजार लपलेला असण्याची शक्यता जास्त. मूत्रपिंड, मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी, महाधमनी, अधूनमधून एखादी ग्रंथी, कधी औषधे. यालाच दुय्यम रक्तदाब म्हणतात. नावात 'दुय्यम' आहे म्हणून गोष्ट दुय्यम नसते.

मुलाला टेबलावर आडवे केले. एका हाताची बोटे त्याच्या मनगटावर ठेवली, दुसऱ्याची जांघेत. मनगटात नाडी टणटणीत लागत होती, जांघेत काहीच नाही. बोटे जरा सरकवली, दाब कमी केला, श्वास रोखून थांबलो. मग काहीतरी हलके हलले, पण मनगटातला ठोका पडून गेल्यावर. शिगम्यात समोरच्या वाड्यावर ढोल वाजत असला की काठी पडलेली आधी दिसते आणि आवाज मागून येतो, तसे. निरोगी मुलात हे दोन्ही ठोके एकदमच पडतात.

मांडीला मोठा कफ बांधून पायाचा बीपी घेतला. वरचा आकडा १०२. पायाचा बीपी हाताइतकाच किंवा त्याहून १०-२० ने जास्त असायला हवा. इथे तो ५० हून अधिक खाली होता. डाव्या हाताचा १५४/९४. मग मुलाला पालथे केले आणि पाठीवर, दोन खवाट्यांच्या मध्ये स्टेथोस्कोप ठेवला. तिथे स्पष्ट मर्मर होता, म्हणजे रक्त अरुंद जागेतून जाताना होणारा आवाज. छातीवर पुढून मी त्याला याआधी दोनदा तपासले होते. पाठीवर कधी स्टेथोस्कोप ठेवला असेल तर तो फुप्फुसे ऐकायला, आणि तोही बाजूला.

निदान तिथेच जवळजवळ झाले होते: महाधमनीचे आकुंचन, म्हणजे कोआर्क्टेशन. हृदयातून निघालेली महाधमनी वर कमान घेऊन खाली वळते. डाव्या हाताकडे जाणारी फांदी फुटल्यानंतर लगेचच तिथे ती जन्मतः चिमटा काढल्यासारखी अरुंद असते. चिमट्याच्या वर डोके आणि हात, तिथे दाब जास्त. खाली पोट आणि पाय, तिथे कमी. मूत्रपिंडे चिमट्याच्या खाली येतात. त्यांना वाटते अंगात रक्तच कमी पडते आहे, म्हणून ती दाब वाढवणारे रेनिन हे द्रव्य सोडतात आणि वरचा दाब आणखी चढतो. शरीर आपल्या परीने वळसे शोधते. छातीच्या भिंतीतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात आणि त्यांच्यातून रक्त खाली पोचते. त्यामुळे मूल चालते, पळते, फुटबॉलही खेळते.

"याचे पाय दुखतात का?" मी विचारले.

आई म्हणाली, "खेळून आला की पोटऱ्या धरून बसतो. वाढीच्या कळा म्हणून कॅल्शियम दिले होते." मग जरा थांबून, "आणि पाय थंड. मे महिन्यातसुद्धा मोजे घालून झोपतो. सगळे हसतात त्याला."

गोव्याच्या मे महिन्यात मोजे घालून झोपणारा मुलगा. ही गोष्ट त्या घरात दोन वर्षे थट्टेचा विषय होती.

प्लास्टिकच्या पिशवीतले कागद

वडील बाहेर स्कूटरपाशी उभे होते. त्यांना बोलावले. त्यांच्याकडे कागदांची पिशवी होती. आपल्याकडे प्रत्येक घरात असते तशी, कपड्याच्या दुकानाची, बंद तुटलेली. त्यातून दोन वर्षांचा इतिहास टेबलावर आला.

डोके दुखते म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. नंबर निघाला, अर्धा. चष्मा झाला, डोके दुखायचे थांबले नाही. मग सायनसचा एक्स-रे. मग एका ठिकाणी 'अर्धशिशी' असा शेरा आणि गोळ्या. शाळेतून तक्रार, गणिताच्या तासाला डोके धरतो. बाईंनी सुचवले होते की अभ्यास चुकवायची सबब असावी. गेल्या पावसाळ्यात खोकला दोन आठवडे हटेना म्हणून छातीचा एक्स-रे. रिपोर्ट: नॉर्मल.

ती फिल्म मी व्ह्यूबॉक्सवर लावली. फुप्फुसे स्वच्छ होती, रिपोर्ट खोटा नव्हता. पण चौथ्या-पाचव्या बरगडीपासून खाली, प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला बारीक खाचा होत्या, उंदराने कुरतडल्यासारख्या. वळसा घेणाऱ्या रक्तवाहिन्या बरगडीच्या खालच्या कडेने जातात. फुगून नागमोडी झाल्या की त्या वर्षानुवर्षे हाड झिजवतात. पाठ्यपुस्तकात या चित्राला ठळक बाण दाखवलेला असतो. खऱ्या फिल्मवर बाण नसतो, आणि मागणीच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते 'खोकला'. पाहणाऱ्याने खोकल्याचे उत्तर दिले. त्याला दोष द्यायला मला तोंड नाही, ते का हे पुढे येतेच.

पिशवीत माझाही एक कागद होता, शाळेच्या फुटबॉल स्पर्धेसाठीचा फिटनेस दाखला. 'हृदय व फुप्फुसे सामान्य, खेळण्यास योग्य.' खाली माझी सही. मे महिन्यापूर्वी आठ महिने.

त्याला बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात पाठवायचे ठरवले, त्याच दुपारी. त्याच्या वयाच्या मर्यादेपेक्षा आकडा ३० हून जास्त वर होता आणि डोकेही दुखत होते. अशा वेळी 'पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजू' असे म्हणायचे नसते. जिभेखाली गोळी मात्र दिली नाही. कॅप्सूल टोचून थेंब जिभेखाली सोडायची जुनी पद्धत अजून कुठे कुठे चालते. दाब एकदम कोसळला तर मेंदूचा रक्तपुरवठा तुटू शकतो. दाब एकूण जितका उतरवायचा ठरवला असेल, त्याच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त पहिल्या आठ तासांत उतरवायचा नाही, आणि तेही रुग्णालयात, शिरेतून आणि देखरेखीखाली. वडिलांना स्कूटर इथेच ठेवून गाडी करायला सांगितली.

ते गेल्यावर मी जुने कार्ड शोधले. मुलगा दोन वर्षांपूर्वी तापासाठी माझ्याकडे आला होता एवढे आठवत होते. कार्ड सापडले. वजन २२ किलो. उंची १२१. ताप १०१. त्यापुढे तेव्हाच्या सिस्टरच्या अक्षरात: बीपी १२२/७६.

तेव्हा आम्ही नवे डिजिटल मशीन घेतले होते आणि सिस्टर हौसेने आठवडाभर येईल त्याचे बीपी घेत होती. त्या आकड्याखाली माझ्या अक्षरात 'घसा लाल' आणि अँटिबायोटिकचे नाव. आकडा मी पाहिला नसेल असे नाही. पाहिला असेल. १२२/७६. डोक्यात पक्के बसलेले १२०/८० आणि हे, यांत मला काही फरक वाटला नसणार.

आठ वर्षांच्या मुलाचे १२२

मुलांच्या रक्तदाबाला एकच एक आकडा नाही. मूल वाढते तसा बीपी वाढतो, म्हणून वय, उंची आणि मुलगा की मुलगी हे पाहून तक्त्यात त्याची जागा बघावी लागते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सची २०१७ची मार्गदर्शक सूत्रे आपल्याकडेही वापरली जातात. १३ वर्षांखालच्या मुलांमध्ये ९५व्या पर्सेंटाइलला (म्हणजे तशाच शंभर मुलांतल्या ९५ जणांचा बीपी ज्याच्या खाली असतो त्या आकड्याला) किंवा त्यावर तीन वेगवेगळ्या भेटींत बीपी आला तर तो उच्च रक्तदाब. त्याच्याही १२ वर गेला तर दुसरी पायरी. १३व्या वर्षापासून मात्र सरळ १३०/८०. घाईत असलेल्या डॉक्टरसाठी त्यातच एक छोटा तक्ता आहे, 'याच्यावर गेले तर नीट पुन्हा बघा' एवढेच सांगणारा. आठ वर्षांच्या मुलासाठी त्यात १०७/६९ आहे. दहा वर्षांसाठी १०८/७२.

म्हणजे आठ वर्षांच्या मुलाचे १२२/७६ हे ९५व्या पर्सेंटाइलच्याही वर होते. त्या दिवशी ताप होता, मूल रडवेले होते, त्याने बीपी थोडा चढतो, हे सगळे मान्य. पण मग ताप उतरल्यावर पुन्हा मोजायला बोलवायचे असते. मी बोलावले नाही, कारण मला ते वाढलेले दिसलेच नाही.

आपल्याकडे या विषयावर बोलताना नेहमी एकच तक्रार असते, मुलांचे बीपी कुणी मोजत नाही. ती खरीच आहे. निरोगी मुलाचे तिसऱ्या वर्षापासून वर्षातून एकदा आणि मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, लठ्ठपणा असेल तर प्रत्येक भेटीत मोजायचे, हे किती दवाखान्यांत होते ते आपण सगळेच जाणतो. पण मोजल्यावर काय होते? २००७ साली अमेरिकेतल्या ओहायोतून एक अभ्यास आला. तिथे १४,१८७ मुलांच्या नियमित तपासणीच्या नोंदी संगणकात होत्या. प्रत्येक भेटीत बीपी मोजलेले, उंचीसकट. त्यातल्या ५०७ मुलांचा बीपी तीन किंवा अधिक भेटींत वाढलेला निघाला. निदान किती जणांच्या फाइलीत होते? १३१. चारांतल्या एकाच्या. म्हणजे मशीन होते, कफ होते, आकडेही लिहिलेले होते, आणि तरी चारांतली तिघे निसटली. हा अभ्यास मला पूर्वीही माहीत होता. परिषदेत स्लाइडवर पाहून मी मान हलवली होती.

यात मला दुय्यम रक्तदाबाची पंचाईत वेगळी दिसते. हल्ली मुलांच्या बीपीवर बोलले जाते ते वजनाच्या अंगाने. शाळांत वडापाव, वेफर्स, मोबाइल यांवर भाषणे होतात. त्यात गैर काही नाही. लठ्ठ मुलांत बीपी खरोखर वाढतो आहे आणि सहा वर्षांच्या पुढचे, वजनदार, घरात बीपीचा इतिहास असलेले मूल असेल आणि तपासणीत बाकी काही नसेल, तर मोठ्या तपासण्यांच्या मागे लागायची गरजही नसते. पण त्यामुळे डॉक्टरच्या डोक्यात एक चित्र बसते: बीपी म्हणजे जाड मूल. आमचा मुलगा काटकुळा होता, खेळाडू होता. त्याचा बीपी मोजायचे कुणाला सुचणार? आणि उलट, एखादे जाड मूल मूत्रपिंडावर व्रण घेऊन आले तर 'आधी वजन उतरव' म्हणून ते दोन वर्षे चालत राहते. दोन्हीकडून कारण शोधायचे राहूनच जाते.

आणि कारणे अशी दुर्मीळ नाहीत की कोपऱ्यातल्या दवाखान्यात येऊच नयेत. लहानपणी पुन्हा पुन्हा ताप आला, लघवीची तपासणी कुणी केली नाही, प्रत्येक वेळी अँटिबायोटिक देऊन ताप उतरवला. त्यातल्या काही मुलांच्या मूत्रपिंडावर व्रण राहतात आणि बीपी आठव्या-दहाव्या वर्षी वर येते. भारतात मूत्रपिंडाच्या धमन्या अरुंद होण्यामागे मोठ्या रक्तवाहिन्यांची सूज, ताकायासूचा आजार, हे महत्त्वाचे कारण आहे. त्यात कधी कधी हातांच्याच धमन्या आकसतात. मग हातावर बीपी छान दिसते आणि खरा दाब पायावरच कळतो. पावसाळ्यात अंगावर पुरळ-फोड येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी तोंड सुजलेले, लघवी काळ्या चहासारखी, असे मूल आले तर आपण सूज पाहतो, लघवी तपासतो. त्या वेळी बीपी न घेणे म्हणजे झटके येण्याची वाट पाहणे.

जन्मापासून इथवर

हा मुलगा कुणाकुणाच्या हातून गेला, ते मी मागे जाऊन पाहिले. शिक्षा म्हणून नव्हे. कुठे थांबवता आले असते ते कळावे म्हणून.

जन्म सरकारी रुग्णालयात, दुसऱ्या दिवशी घरी सोडलेला. तेव्हा जांघेतली नाडी तपासली असेल आणि लागलीही असेल. गर्भातली एक वाहिनी जन्मानंतर काही दिवस उघडी राहते आणि ती असेपर्यंत खाली रक्त जात असते. ती बंद झाल्यावरच चिमटा खरा कसला जातो. म्हणून सहाव्या आठवड्यातल्या लसीला जांघेत पुन्हा बोटे ठेवायची असतात. त्या वेळी बाळ रडत असते, रांग लांब असते, लंगोट बांधलेला असतो. तीव्र आकुंचन असलेली बाळे पहिल्या महिन्यातच कोलमडतात आणि निदान होते. मध्यम असलेली मुकाट वाढत राहतात.

मग शाळेतल्या तपासण्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याच्या ३० आजारांच्या यादीत जन्मजात हृदयविकार आहे, रक्तदाब नाही. पथक आले, दात पाहिले, डोळे पाहिले, वजन-उंची घेतली. वर्गातल्या बाकावर बसलेल्या मुलाची जांघ कोण तपासणार, हाही प्रश्न आहेच. पण बीपी घ्यायला बाक पुरतो.

नंतरचे सगळे वर आलेच आहे: चष्मा, सायनस, अर्धशिशी, कॅल्शियम, खोकला, आणि माझी दोन कागदे. प्रत्येकाने आपापल्या अवयवाचे पाहिले. घोळणा फुटला नसता तर? खरे तर घोळणा बीपीमुळेच फुटला असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. मुलांचे नाक उन्हाने, सर्दीने, बोट घातल्याने फुटते आणि बहुधा तेवढेच असते. या मुलाचे नखही लांब होते. नाकाने फक्त त्याला दवाखान्यात आणले, आणि नवख्या मुलीने एक प्रश्न विचारला.

पुढे काय झाले

बांबोळीला इको झाला. आकुंचन सापडले, अपेक्षित जागीच. महाधमनीची झडप तीनऐवजी दोन पाकळ्यांची निघाली. या आजारात हे बऱ्याचदा जोडीने असते. हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झाली होती, दोन वर्षांच्या ओझ्याने किंवा दहा. सीटी अँजिओग्राफीत वळसा घेणाऱ्या वाहिन्यांचे जाळे दिसले. मूत्रपिंडे ठीक. दाब उतरवणारे बीटा-ब्लॉकर हे औषध सुरू केले. आकुंचन सोडवण्याआधी काही औषधे जपून द्यावी लागतात, कारण चिमट्याखालची मूत्रपिंडे त्याच वाढलेल्या दाबावर जगत असतात.

घरात वेगळेच रामायण चालू होते. आजीला पटेना. तिला स्वतःला वीस वर्षे प्रेशर, गोळ्या आरोग्य केंद्रातून आणते. मी घरी भेटायला गेलो तेव्हा तिने मला ओट्यावरच गाठले. "दोतोर, भुरग्यांक खंय प्रेशर आसता?" म्हणजे, मुलांना कुठे प्रेशर असते? मग तिनेच उत्तर शोधले: खारे मासे. आणि तोर, म्हणजे कैरी. सून जेवणात रोज मिठातली तोर वाढते म्हणून. सून गप्प उभी होती. मी कागदावर नळ काढून दाखवला, मध्ये चिमटा काढलेला. मिठाने हा चिमटा येत नाही, मीठ बंद करून तो जात नाही, हे तीन वेळा सांगितले. आजीने कागद घडी करून देवाच्या फोटोमागे ठेवला. मीठ कमी करा हे तरीही मी सांगितलेच. त्यामुळे सुनेवरचे किटाळ कितपत गेले देव जाणे.

या आजारावर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९४४ साली स्वीडनमध्ये क्लॅरेन्स क्राफूर्द यांनी केली. आता या वयाच्या आणि वजनाच्या मुलात अनेकदा छाती उघडावीही लागत नाही. मांडीतल्या धमनीतून तार नेऊन फुग्याने जागा रुंद करतात आणि स्टेंट बसवतात. उपचार न झालेल्या रुग्णांचे सरासरी आयुष्य पस्तिशीच्या आसपास थांबायचे. मेंदूत रक्तस्राव, महाधमनी फाटणे, हृदय थकणे. जुलैच्या पावसात चोर्ला घाटातून ते राज्याबाहेरच्या रुग्णालयात गेले आणि आठ दिवसांनी परत आले.

वडिलांनी तिथून फोन केला होता. शुद्धीवर आल्यावर मुलगा पहिले वाक्य काय बोलला ते सांगायला: "बाबा, पायांवरचे पांघरूण काढ, गरम होते."

चवथीच्या आधी ते दवाखान्यात आले. तीच नर्स होती, आता शिकाऊ राहिलेली नाही. टेबलाशेजारच्या भिंतीवर आता वयाप्रमाणे बीपीचा छोटा तक्ता चिकटवलेला आहे, खणात तीन मापांचे कफ आहेत, आणि आकडा तक्त्याच्या वर असेल तर ती लाल पेनने लिहिते. या पद्धतीचा त्रासही आहे. पहिल्यांदा लाल आलेली बरीच मुले दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला निळी होतात, आई-बाप उगीच घाबरतात, माझा वेळ जातो. मशीनचा आकडा जास्त आला की स्टेथोस्कोपने पुन्हा घ्यावे लागते. मे महिन्यापूर्वी मी हेच कारण सांगून ते टाळत होतो.

मुलाने न सांगता आधी उजवा हात पुढे केला, मग टेबलावर आडवे होऊन पाय. हात १२६/७८, पाय १३०. जांघेत बोटे ठेवली. दोन्ही ठोके एकदम. हाताचा आकडा अजून तक्त्याच्या वर आहे, गोळी चालू आहे. आकुंचन जितके उशिरा सुटते, तितका नंतरही बीपी वाढलेला राहण्याचा संभव जास्त. म्हणून त्याला आता वर्षानुवर्षे तपासणी आहे: स्टेंट, झडप, चोवीस तासांचे बीपी. धावायला परवानगी मिळाली आहे, जड वजने उचलायला नाही. गोलरक्षक व्हायला तो तयार नाही.

आईने जाताना सांगितले, सकाळी पेज झाली की आजी आणि नातू एकाच डब्यातून आपापल्या गोळ्या काढतात. त्याच्या पाकिटाला तिने लाल दोरा बांधला आहे, अदलाबदल होऊ नये म्हणून.